कलमी पडदा

मनगटी घड्याळ बंद पडले, की घड्याळजी त्याचे पाठीमागचे झाकण उघडून चिमट्याने एक चपटा, चकचकीत, सदऱ्याच्या गुंडीएवढा घट बाहेर काढतो, त्याच्या जागी तसाच दुसरा बसवतो आणि जुना घट खणात टाकून देतो. त्या टाकून दिलेल्या घटाच्या पोटात एका अंगास चांदीच्या ऑक्साइडची काळी वडी, दुसऱ्या अंगास जस्ताची भुकटी, आणि या दोहोंच्या मध्ये कागदाहूनही पातळ अशी नखाएवढी एक चकती असते. चांदी आणि जस्त यांचे गुणवर्णन रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत यथासांग आढळते. मधल्या चकतीस तेथे क्वचितच एखादी ओळ मिळते. तथापि विद्युत्घटांच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात मला सर्वांत मनोवेधक वाटत आला आहे तो या चकतीचाच वृत्तान्त. कारण ती अणुयुगाचे अपत्य असून तिच्या घडणीला इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका आणि जपान या चार देशांतील प्रयोगशाळांचे हात लागलेले आहेत.

तिचे कुळ मात्र फार जुने. २० मार्च १८०० रोजी इटलीतील कोमो येथून अलेस्सांद्रो व्होल्टा याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस जे पत्र लिहिले, त्यात जगातील पहिल्या विद्युत्घटाची रचना वर्णन केलेली आहे. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची चकती, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कातडे, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, अशी ती उतरंड होती. म्हणजे ज्या दोन धातूंनी पुढे पाणबुड्या आणि अवकाशयाने चालवावयाची होती, ते दोन्ही धातू त्या पहिल्या उतरंडीतच हजर होते, आणि त्यांच्यामधला पडदाही हजर होता. फरक इतकाच, की पडद्याचे काम ओल्या पुठ्ठ्याने निभावत होते आणि त्याविषयी अधिक विचार करण्याची निकड कोणास भासली नव्हती.

ही निकड कोणत्या कारणाने उत्पन्न झाली, ते सांगितल्यावाचून पुढील कथेचा अर्थ लागणार नाही. चांदीचे ऑक्साइड आणि जस्त यांचा घट पोटॅशच्या तीव्र अल्कात ठेवला असता तो आपल्या वजनाच्या मानाने विलक्षण ऊर्जा देतो. शिशाच्या घटाहून कितीतरी अधिक. परंतु हाच घट पुन्हा पुन्हा भारित करून वापरावा म्हटले, की दोन संकटे उभी राहतात. पहिले असे, की चांदीचे ऑक्साइड त्या अल्कात किंचित विरघळते आणि विरघळलेली चांदी हळूहळू पोहत जस्तापर्यंत जाऊन त्याचा नाश करते. दुसरे संकट जस्ताकडून येते. घट रिता होताना जस्त विरघळून जाते. घट भरताना ते परत येते, पण आपल्या मूळ जागी सपाट थरात न बसता सुईसारखे, काटेरी फांद्यांसारखे वाढत जाते, आणि एके दिवशी त्यातला एखादा काटा पलीकडच्या चांदीस भिडला, की घट आतल्या आत मिटतो. मधल्या पडद्याने ही दोन्ही आक्रमणे थोपवून धरली पाहिजेत आणि त्याच वेळी अल्कातील विद्युत्भारित कणांना विनाअडथळा ये-जा करू दिली पाहिजे. जुन्या काळच्या घाटातील जकातनाक्यावर नाकेदार बसे, तसा हा पडदा: ज्याच्यापाशी दस्तक आहे त्यास क्षणभरही खोळंबवावयाचे नाही, आणि ज्याच्यापाशी नाही त्यास जन्मात सोडावयाचे नाही. शिवाय हे काम करावयाचे कोठे, तर कातडी सोलून काढील अशा अल्कात, अहोरात्र बुडून.

हे काम करू शकेल असा पहिला पदार्थ फ्रान्समधील आंरी आंद्रे यांना सापडला, आणि तो पदार्थ म्हणजे मिठाईच्या डब्याभोवती गुंडाळतात तो सेलोफेनचा कागद. स्विस रसायनज्ञ जाक ब्रांडेनबर्गर याने १९०८ च्या सुमारास लाकडाच्या लगद्यापासून हा पारदर्शक कागद काढला, तेव्हा त्याच्या मनात मेजावरच्या कापडावर डाग पडू नयेत एवढीच इच्छा होती. आंद्रे यांनी तो चांदी आणि जस्त यांच्यामध्ये गुंडाळला, अनेक वर्षे प्रयोग केले, आणि १९४१ साली आपला पुनर्भारित होणारा चांदी-जस्त घट विद्वानांपुढे मांडला. सेलोफेन अल्कात फुगतो, त्यामुळे कणांना वाट मिळते. त्यातील छिद्रे इतकी बारीक, की जस्ताच्या काट्यांना शिरकाव करण्यास वेळ लागतो. आणि चांदी आली, तर सेलोफेन स्वतः जळून तिला धातुरूपात आपल्याच अंगावर बसवून घेतो. परंतु स्वतःला जाळून पहारा देणारा पहारेकरी किती दिवस टिकणार? एकाऐवजी चार-पाच वेढे गुंडाळावे लागत, आणि तरीही कित्येक घटांचे आयुष्य थोड्याच पुनर्भारणांत संपून जाई.

ज्यांना आयुष्यापेक्षा सामर्थ्याची गरज अधिक होती, त्यांनी ही उणीव पत्करली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कच्या मायकेल यार्डनी यांनी आंद्रे यांची विद्या अमेरिकेत नेऊन तिचा कारखाना काढला, आणि आरमाराने पाणतीरांसाठी हे घट घेतले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने जो पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला, त्याचे एकूण वजन ८३.६ किलोग्रॅम, आणि त्यापैकी सुमारे ५१ किलोग्रॅम वजन तीन चांदी-जस्त घटमालांचेच होते. साऱ्या जगाने ऐकलेली ती ‘बीप-बीप’ २६ ऑक्टोबर रोजी थांबली, ती घटांतील शक्ती सरली म्हणून. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो-१३ यानात स्फोट होऊन तिघे अंतराळवीर चंद्राच्या वाटेवर संकटात सापडले, तेव्हा ज्या चांद्रयानाचा त्यांनी होडीसारखा आश्रय केला, त्याचे सर्व जीवित सहा चांदी-जस्त घटमालांवर अवलंबून होते. अशा प्रसंगी दहा-वीस पुनर्भारणांचा प्रश्नच उद्भवत नाही. एकदाच, पण निश्चितपणे, घट चालला म्हणजे झाले. परंतु ज्यांना घट महिनोन्महिने भिजत ठेवून वापरावयाचा होता, त्यांचा सेलोफेनने निभाव लागेना.

आता कथेचा दुसरा प्रवाह येथे येऊन मिळतो, आणि त्याचा उगम विद्युत्घटांपासून अगदी दूर आहे.

१९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनल्ड गिब्सन यांना प्रचंड दाबाखालील एका प्रयोगाच्या शेवटी भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ आढळला. तोच पॉलिथिन. विजेला दाद न देणारा, आम्लाला आणि अल्काला न भिणारा, पाण्याचा स्पर्शही न सोसणारा हा पदार्थ युद्धकाळात रडारच्या तारांवर चढला आणि नंतर घरोघर पोहोचला. त्याचे एक व्यंग असे, की शंभर अंशांच्या पुढे थोडी उष्णता लागताच तो मऊ पडून वाहू लागतो; कारण त्याच्या रेणूंच्या साखळ्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असल्या, तरी कोठेही एकमेकींना बांधलेल्या नसतात.

ऑक्सफर्डजवळील हार्वेल येथे ब्रिटिश सरकारने युद्धानंतर अणुसंशोधनाची संस्था स्थापिली आणि १९४८ साली तेथे ‘बेपो’ नावाची ग्रॅफाइटची मोठी अणुभट्टी चालू केली. आर्थर चार्ल्सबी या पदार्थवैज्ञानिकाने त्या भट्टीच्या पोकळीत निरनिराळे पदार्थ ठेवून किरणांचा त्यांवर काय परिणाम होतो हे पाहण्याचे काम हाती घेतले होते. किरणोत्सर्ग म्हणजे संहार, जे जे त्याच्या वाटेत येईल ते ते त्याने मोडावे, अशीच त्या काळची सार्वत्रिक समजूत होती, आणि ती निराधारही नव्हती; हिरोशिमाला अवघी सात वर्षे झाली होती. पण भट्टीतून बाहेर आलेले पॉलिथिन चार्ल्सबीने तापवून पाहिले, तेव्हा ते वाहिले नाही. वितळण्याच्या अंशापुढे नेल्यावर ते रबरासारखे लवचिक झाले, आणि थंड होताच पूर्ववत उभे राहिले. किरणांनी साखळ्यांवरचे काही हायड्रोजन अणू उडवून दिले होते, आणि ज्या दोन शेजारच्या साखळ्यांवर अशा मोकळ्या जागा समोरासमोर आल्या, त्या साखळ्या तेथे एकमेकींना कायमच्या जोडल्या गेल्या होत्या. आडव्या बंधांचे हे जाळे विणले गेल्यावर शेवयांची चाळण झाली असे म्हणावे. १९५२ साली चार्ल्सबीने हा शोध रॉयल सोसायटीच्या कामकाजात प्रसिद्ध केला. अमेरिकेत माल्कम डोल यांनाही त्याआधीच्या काही वर्षांत अशाच परिणामाची चाहूल लागली होती, आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधकांनी अणुभट्टीऐवजी वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून तोच परिणाम साधला. परंतु मोडणाऱ्या शक्तीमध्ये जोडण्याचा गुण आहे हे ठाम आणि पद्धतशीर रीतीने सिद्ध करण्याचे श्रेय चार्ल्सबीचे, असे माझे मत आहे. १९५७ साली पॉल कुक यांनी कॅलिफोर्नियात याच विद्येवर एक कंपनी उभारली, जी पुढे रेकेम या नावाने ओळखली गेली, आणि किरणांनी पक्व केलेले तारांचे वेष्टन हा तिचा धंदा झाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आपल्याकडे सुशिक्षितांतही आढळतो. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण किंवा या कामी लागणारे इलेक्ट्रॉन ज्या पदार्थातून जातात, तो पदार्थ त्यामुळे किरणोत्सर्गी होत नाही. उन्हात वाळवलेला पापड जसा स्वतः प्रकाश देऊ लागत नाही, तसेच हे. तुर्भ्याला १९७४ पासून शस्त्रक्रियेचे साहित्य ज्या किरणांनी निर्जंतुक केले जाते, आणि लासलगावी ज्या किरणांनी कांद्याला कोंब फुटण्यापासून रोखले जाते, ते याच कोबाल्टचे किरण होत.

पॉलिथिन अल्कात अजिंक्य असते आणि चांदीच्या ऑक्साइडलाही ते दाद देत नाही. मग त्याचाच पडदा का करू नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. अडचण अशी, की त्याच्यातून काहीच जात नाही. नाकेदार प्रामाणिक खरा, पण त्याने घाटच बंद केला! त्याच्या अंगी पाण्याची आणि अल्काची ओढ उत्पन्न करावयाची, आणि ती करताना त्याचे मूळचे काटकपण मात्र यत्किंचितही घटू द्यावयाचे नाही, असा हा दुहेरी पेच होता.

तो पेच ज्या युक्तीने सुटला, तिला पाश्चात्त्य भाषांत जो शब्द आहे, त्याचा आपल्या भाषेतील प्रतिशब्द कोकणातल्या कोणत्याही बागायतदाराच्या तोंडी आहे: कलम. रायवळ आंब्याचे खोड मुळांनी बळकट, कोणत्याही कातळात तग धरणारे. त्यावर हापूसची काडी बांधली, की मुळे रायवळाची आणि फळ हापूसचे मिळते. पॅरिसच्या परिसरात आदोल्फ शापिरो, मिशेल मागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात रेणूंच्या बाबतीत हेच करून दाखविले. किरणांनी साखळीवरचा हायड्रोजन उडाला, की तेथे जो उघडा, उतावीळ अणू राहतो, त्यास शेजारची साखळी भेटली तर आडबंध होतो. पण त्याच क्षणी भोवती ॲक्रिलिक आम्लासारख्या एखाद्या पदार्थाचे सुटे रेणू असले, तर ते एकामागून एक त्या जागी चिकटत जातात आणि मूळ साखळीच्या अंगावर एक नवीनच फांदी वाढू लागते. खोड पॉलिथिनचे, फांदी आम्लाची. फांदीला पाणी प्रिय, खोडाला पाण्याचे वावडे, आणि दोन्ही एकाच रेणूत नांदतात. शापिरो यांनी १९६२ साली या विषयावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो नंतरच्या पिढ्यांना दीर्घकाळ आधारभूत झाला.

विद्युत्घटाच्या पडद्यासाठी या कलमाचा कारखाना काढण्याचा मान न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील आर. ए. आय. या छोट्या कंपनीकडे जातो. किरणांचे उपयोजन हेच तिच्या नावातील शब्दांचे मूळ. व्हिन्सेंट डॅगोस्टिनो आणि जोसेफ ली यांनी तेथे जी पद्धत बसवली, तिच्यातील साधेपणा मला फार मोलाचा वाटतो. पंचवीसेक मायक्रॉन जाडीची पॉलिथिनची लांबलचक फिल्म घ्यावयाची. तिच्या प्रत्येक वेढ्यामध्ये टिपकागदासारखा शोषक कागद येईल अशी दोहोंची मिळून एक गुंडाळी करावयाची. ती गुंडाळी डब्यात उभी ठेवून द्रावकात मिसळलेले ॲक्रिलिक किंवा मेथाक्रिलिक आम्ल तीत मुरू द्यावयाचे. हवेचा ऑक्सिजन काढून टाकावयाचा, कारण तो वाटेतच फांद्यांची वाढ खुंटवतो. आणि मग तो डबा कोबाल्ट-६० च्या सान्निध्यात निवांत ठेवून द्यावयाचा. किरणांचा मारा मंद ठेवावा लागे. घाई केली, की फांद्या वरवर आणि असमान वाढत, आणि आम्लाचे रेणू फिल्मला सोडून आपसांतच जुळून द्रावणाचा चिकट गोळा होई. डबा उघडल्यावर फिल्म सोडवून गरम पोटॅशमध्ये धुवावयाची, म्हणजे आम्लाचे लवण होते, फुकट वाढलेला चिकटा निघून जातो, आणि जी फिल्म मूळची पाण्याला शिवू देत नव्हती, ती अल्क पिऊन टम्म फुगते. ‘परमिऑन’ या नावाने हे पडदे विकले जाऊ लागले. फुगलेल्या पडद्यातून काटे घुसू नयेत म्हणून काही प्रकारांत कलमाच्या जोडीला किरणांनी आडबंधही घालीत. म्हणजे चार्ल्सबी आणि शापिरो या दोघांच्या विद्या एकाच पंचवीस मायक्रॉनमध्ये एकत्र आल्या.

या पडद्यांची सर्वांत कठोर परीक्षा ज्या कामासाठी झाली, ते काम ऐकून आजही आश्चर्य वाटते. १९६० च्या दशकात अमेरिकेची अवकाशसंस्था मंगळावर यान उतरविण्याची सिद्धता करीत होती, आणि पृथ्वीवरचे जंतू त्या ग्रहावर पोहोचू नयेत म्हणून यानाचा प्रत्येक भाग उष्णतेने निर्जंतुक केला जावा, असा दंडक होता. त्यामुळे कॅलिफोर्नियातील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या संशोधकांपुढे प्रश्न असा आला, की अल्काने भरलेला, तोंड बंद केलेला घट सुमारे १३५ अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजला, तरी त्यातील पडदा जिवंत राहील काय? सेलोफेन त्या कढत्या पोटॅशमध्ये विरघळून नाहीसाच होई. साधे पॉलिथिन वितळून जाई. टिकले ते आडबंध घातलेले आणि कलम केलेले पॉलिथिन. बंधांनी त्याला वाहू दिले नाही, खोडाने अल्काला दाद दिली नाही आणि फांद्यांनी वीज वाहती ठेवली. वस्तुतः २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग यान मंगळावर उतरले, तेव्हा त्यात बसविलेले घट निकेल-कॅडमियमचे होते, चांदी-जस्ताचे नव्हते. परंतु म्हणून त्या दहा वर्षांचा उद्योग व्यर्थ गेला असे मी मानीत नाही. त्या अग्निपरीक्षेमुळेच कलमी पडद्याचा स्वभाव, कोणत्या फांद्या किती लांब हव्यात आणि आडबंध किती झाले म्हणजे पडदा कडक होतो, हे सारे बारकाईने तपासले गेले.

मंगळाच्या मोहिमेसाठी पारखलेल्या या विद्येचा खरा प्रसार झाला तो मात्र मनुष्याच्या मनगटावर. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले, आणि पुढील दशकात घड्याळे, खिशातले गणनयंत्र, श्रवणयंत्र यांच्यासाठी चांदीच्या ऑक्साइडचे गुंडीएवढे घट कोट्यवधींनी लागू लागले. हा घट पुन्हा भारित करावयाचा नसतो, पण दोन-तीन वर्षे थेंबथेंब वीज देत तो टिकला पाहिजे. म्हणजे तेवढा काळ चांदीला जस्तापासून अडविले पाहिजे. एकट्या सेलोफेनचे हे काम नव्हते. सेलोफेन आणि कलमी पॉलिथिन यांचे थर एकत्र दाबून केलेली चकती हा त्यावरचा मान्य उपाय ठरला.

त्या फिल्मचा पुरवठा जपानला परक्यांकडून करून घ्यावा लागे, आणि जपानी स्वभाव पाहता ही स्थिती फार काळ टिकणे शक्य नव्हते. तोक्योच्या वायव्येस गुन्मा प्रांतात ताकासाकी नावाचे गाव आहे. लाल रंगाच्या, डोळे कोरे ठेवलेल्या दारुमा बाहुल्या तेथे घडविल्या जातात. नवस बोलताना एक डोळा रंगवावयाचा, आणि तो फळास आल्यावर दुसरा, अशी रीत आहे. या गावी १९६३ साली जपानच्या अणुशक्ती संशोधन संस्थेने किरणरसायनाची स्वतंत्र प्रयोगशाळा काढली. तेथील इसाओ इशिगाकी, ताकानोबु सुगो, जिरो ओकामोतो आणि त्यांचे सहकारी यांनी लाँग आयलंडच्या पद्धतीतील क्रमच उलटा केला. त्यांनी फिल्म प्रथम कोरडीच घेतली, आणि कोबाल्टऐवजी त्वरकातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या झोताखालून ती सरकत नेली. कोबाल्टच्या कोठडीत जी मात्रा मिळण्यास तासन्‌तास जात, ती येथे काही सेकंदांत मिळे. उतावीळ झालेले अणू पॉलिथिनच्या स्फटिकरूप भागांत काही काळ अडकून, जणू श्वास रोखून राहतात. त्यानंतर ती फिल्म ॲक्रिलिक आम्लाच्या पाण्यातील द्रावणात बुडवावयाची, आणि त्या कुंडातच आम्ल आपसांत जुळू नये म्हणून लोहाचे एक लवण त्यात घालावयाचे.

त्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या कलमाच्या वाढीचे जे निरीक्षण आहे, ते या साऱ्या कथेतील मला सर्वांत सुंदर वाटते. पॉलिथिन पाण्याला आत घेत नाही. मग पाण्यातले आम्ल फिल्मच्या गाभ्यात पोहोचते कसे? तर प्रथम केवळ दोन्ही पृष्ठभागांवरच फांद्या फुटतात. फांद्या फुटताच तो भाग पाणी पिऊन फुगतो, आणि त्याच्यातून वाट काढीत आम्ल एक पाऊल आत जाते; तेथे नव्या फांद्या फुटतात, तो भाग फुगतो, आणि वाट आणखी एक पाऊल पुढे सरकते. अशा रीतीने कलमाच्या दोन आघाड्या दोन्ही बाजूंनी मध्याकडे चालत येतात. जोपर्यंत मध्ये अस्पर्श पॉलिथिनचा एखादा पापुद्रा शिल्लक आहे, तोपर्यंत पडद्यातून वीज वाहत नाही. ज्या क्षणी त्या दोन आघाड्या एकमेकींस भेटतात, त्या क्षणी पडद्याचा रोध एकदम कोसळतो. ही विद्या युआसा बॅटरी कंपनीने कारखान्यात नेली, आणि ताकासाकीच्या दारुमाचा दुसरा डोळा रंगला असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही किरणांनी कलम करण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि वाशी येथे दोन दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा त्वरक तारांच्या वेष्टनांना आडबंध घालण्यासाठी वापरला गेला आहे. म्हणजे या विद्येची हत्यारे महाराष्ट्रात पूर्वीच येऊन ठेपली होती. ती घटांच्या पडद्याकडे अधिक वळावयास हवी होती अशी चुटपुट मला लागून राहिली आहे.

निकेल आणि धातु-हायड्राइड यांच्या पुनर्भारित घटांत याच कलमाने एक अनपेक्षित कामगिरी बजावली. हे घट नुसते पडून राहिले तरी आपोआप रिते होत, आणि शोध करता त्याचे एक कारण असे आढळले, की घटातील अशुद्धीपासून बनलेला अमोनिया घटाच्या दोन विद्युत्अग्रांमध्ये हेलपाटे घालीत शक्तीची गळती करीत असतो. पडद्याच्या कापडावर ॲक्रिलिक आम्लाच्या फांद्या असल्या, तर त्या हा अमोनिया पकडून ठेवतात. येथे किरणही सौम्य पुरतात. इंग्लंडमध्ये स्विंडन येथे अतिनील प्रकाशाने असे पडदे कलम करण्यात आले.

लिथियमच्या घटांचा काळ आला, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटले. १९८९ साली अमेरिकेत मिळालेल्या एका एकस्वात, द्रवरूप मिश्रण अग्रावर पसरून ते अतिनील किरणांनी किंवा इलेक्ट्रॉनांनी जागच्या जागी पक्व करावे, म्हणजे तेच पडदा आणि तेच विद्युत्वाहक होईल, अशी कल्पना मांडलेली आहे. व्यवहारात मात्र १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन घटाने छिद्रयुक्त पॉलिथिनचा पडदाच स्वीकारला. या पडद्याचा एक गुण असा, की घट तापून १३० अंशांच्या आसपास गेला, की त्याची छिद्रे वितळून बुजतात आणि वीज आपोआप बंद पडते. आणि दोष असा, की उष्णता तेथेच न थांबता वाढत गेली, तर पडदा आक्रसून फाटतो आणि दोन्ही अग्रे एकमेकांना भिडून आग लागते. हार्वेलच्या भट्टीतून जो पदार्थ तापवूनही वाहिला नव्हता, त्याची आठवण संशोधकांना अशा वेळी होणे स्वाभाविक होते. आडबंध घातलेला पडदा छिद्रे मिटवतो, पण आपली जागा सोडत नाही.

किरणांची नवी भरती मात्र अग्राच्या कामावर झाली आहे. लिथियम घटाचे धनाग्र म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर दिलेला काळा लेप. त्यातील भुकटी पत्र्याला धरून ठेवण्यासाठी जी खळ लागते, ती एका फ्लुओरीनयुक्त बहुवारिकाची असते, आणि ती विरघळविण्यासाठी एन-मेथिल-पायरोलिडोन नावाचे द्रावक घालावे लागते. हे द्रावक जननक्षमतेस अपायकारक मानले जाते. ते उडवून लावण्यासाठी लेप दिलेला पत्रा लांबच लांब तापत्या भट्ट्यांतून सावकाश न्यावा लागतो, आणि उडालेली वाफ गोळा करून पुन्हा द्रव करावी लागते. घटाच्या कारखान्यात जागा, इंधन आणि पैसा यांचा मोठा भाग या वाळवणापायी जातो. मेरीलँड राज्यातील मिलटेक या कंपनीने, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या साहाय्याने, अतिनील प्रकाशात क्षणार्धात पक्व होणारी खळ काढली आणि तिचा उपयोग अग्रांवर, तसाच पडद्यावरच्या चिनीमातीसारख्या उष्णतारोधक लेपावरही करून दाखविला. काजळीने काळ्याकुट्ट झालेल्या लेपात प्रकाश खोलवर शिरत नाही, ही त्या मार्गातील मोठी अडचण. इलेक्ट्रॉनांच्या झोताला काळ्या-पांढऱ्याचा भेद नसतो. म्हणून टेनेसीतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी तो झोतच या कामी लावला, आणि जाड लेपाचे अग्रही त्याखालून वेगाने धावते ठेवून पक्व होते, असे दाखविले.

चार्ल्सबीची पॉलिथिनची पट्टी बेपो भट्टीच्या पोकळीत मुक्काम ठोकून पडे. डॅगोस्टिनोची गुंडाळी कोबाल्टच्या कोठडीत तासन्‌तास मुरत असे. ताकासाकीच्या फिल्मला काही सेकंद पुरत. ओक रिजला तो काळा पत्रा टायटॅनियमच्या पातळ खिडकीखालून सरकतो, वरून न दिसणारा इलेक्ट्रॉनांचा पाऊस पडतो, आणि एका सेकंदाच्या अंशात लेप घट्ट होऊन पत्रा पलीकडच्या रुळावर गुंडाळला जाऊ लागतो.